रॉकेट इंजिनाची कार्यक्षमता: एकाच गणिताची २७, ६६ आणि ९६ टक्के अशी तीन उत्तरं, नेमकं कोणतं धरायचं?

अनगोळ_मेकॅनिकल

नमस्कार. आम्ही चौघं बेळगावात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहोत. रॉकेट प्रोपल्शनवर सेमिनार करालोय आणि सरावाच्या एका गणितावर अडलोय. दिलेली माहिती अशी:

चेंबरचा (इंधन जळतं त्या कक्षाचा) दाब ६० बार. थ्रोटचा (नोझलच्या सगळ्यात अरुंद जागेचा) व्यास १०० मि.मी. नोझलच्या निकासाचं क्षेत्रफळ थ्रोटच्या १० पट. लिक्विड ऑक्सिजन आणि केरोसीन, वजनी प्रमाण २.३ ला १. दोन्हींचा मिळून प्रवाह सेकंदाला २८ किलो. समुद्रसपाटीला मोजलेला थ्रस्ट (इंजिनाचं ढकलण्याचं बल) ७१.९ किलोन्यूटन. ज्वलनाचं तापमान ३५०० केल्विन, वायूचा सरासरी रेणुभार २२.५, गॅमा (वायूच्या दोन विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर) १.२.

प्रश्न एकच: "इंजिनाची कार्यक्षमता काढा." एकानं झोताची गतिज शक्ती केरोसीनच्या उष्णतेनं भागली, किलोला ४३ मेगाज्यूल धरून. उत्तर आलं २७ टक्के. दुसऱ्यानं रॉकेट सेकंदाला १००० मीटरनं जातंय असं धरलं, त्याचं ६६ आलं. तिसऱ्यानं सी-स्टार (चेंबरमधल्या ज्वलनाचं माप) काढला, तो आदर्शाच्या ९६ टक्के. आणि सर सांगालेत की आयएसपी (विशिष्ट आवेग) लिहा, बाकी सोडा.

आणखी दोन शंका आहेत. हेच इंजिन बेळगावात चालवलं तर थ्रस्ट बदलेल काय? आणि उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये २०० लिटर टाकीचा कॉम्प्रेसर वापरायला मिळतोय. त्याच्या हवेवर लहान नोझल लावून यातलं काही मोजून दाखवता येईल काय?

घटप्रभा_काठ

तिन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. संकेश्वरच्या साखर कारखान्यात बॉयलरची कार्यक्षमता विचारली तर एक आकडा मिळेल, आणि बगॅसच्या उष्णतेतून वीज किती निघाली असं विचारलं तर त्याच्यापेक्षा कितीतरी लहान. दोन्ही खरेच असतात, मात्र एकाच्या जागी दुसरा लिहून चालत नाही. तुमच्या गणितात प्रश्नच अर्धवट विचारलाय.

रॉकेटवाले इंजिनाचे दोन भाग पाडून बघतात. चेंबरनं जाळण्याचं काम किती नीट केलं हे सी-स्टार सांगतो. त्या गरम वायूतून नोझलनं किती थ्रस्ट काढला हे थ्रस्ट गुणांक सांगतो. दोघांचा गुणाकार म्हणजे झोताचा परिणामी वेग, आणि त्याला ९.८०६६५ नं भागलं की आयएसपी. तुमचे सर म्हणतात ते बरोबरच आहे, पण आयएसपी हा शेवटचा निकाल झाला. निकाल कमी आला तर दोष चेंबरचा की नोझलचा, हे त्यातून कळत नाही.

आता आकडे. थ्रोटचं क्षेत्रफळ ०.००७८५४ चौरस मीटर. दाब गुणिले क्षेत्रफळ म्हणजे ४७,१२४ न्यूटन. ही संख्या बाजूला लिहून ठेवा, पुढं सगळीकडं लागते. तिला २८ नं भागा: प्रत्यक्षातला सी-स्टार १६८३ मी./से.

आदर्श सी-स्टारसाठी आधी वायूचा स्थिरांक: ८३१४.५ भागिले २२.५, म्हणजे ३६९.५. त्याला ३५०० नं गुणून वर्गमूळ घ्या, ११३७ येतं. त्याला गॅमावर ठरणाऱ्या गुणकानं भागायचं. हा गुणक म्हणजे गॅमाचं वर्गमूळ गुणिले (२ भागिले (गॅमा अधिक १)) चा घात, आणि घातांक (गॅमा अधिक १) भागिले (२ गुणिले (गॅमा उणे १)). गॅमा १.२ असताना घातांक ५.५ आणि गुणक ०.६४८५. आदर्श सी-स्टार १७५४ मी./से. १६८३ भागिले १७५४ म्हणजे ९६ टक्के. हा आकडा इंजेक्टरची (चेंबरमध्ये इंधन फवारणाऱ्या भागाची) आणि ज्वलनाची गुणवत्ता सांगतो. थेंब मोठे पडले, ऑक्सिजन आणि केरोसीन नीट मिसळलं नाही किंवा चेंबर आखूड झाला, की पहिला फटका इथं बसतो.

नोझलसाठी: ७१,९०० भागिले ४७,१२४, म्हणजे प्रत्यक्ष थ्रस्ट गुणांक १.५२६. क्षेत्रफळाचं गुणोत्तर १० आणि गॅमा १.२ असताना निकासाचा माख अंक (वेग भागिले तिथल्या ध्वनीचा वेग) ३.२८ आणि निकासाचा दाब चेंबरच्या ०.०१२५ पट, म्हणजे ७५ किलोपास्कल. त्यावरून समुद्रसपाटीचा आदर्श गुणांक १.५७३. भागाकार ९७ टक्के. नोझल १५ अंशांचा साधा शंकू असेल तर झोत बाजूंना फाकतो, त्यातच पावणेदोन टक्के जातात. उरलेलं भिंतीलगतच्या घर्षणात.

आयएसपी: ७१,९०० भागिले (२८ गुणिले ९.८०६६५), म्हणजे २६२ सेकंद. पडताळा असा घ्या: १७५४ गुणिले १.५७३ गुणिले ०.९६ गुणिले ०.९७ भागिले ९.८०६६५. परत २६२ आलं पाहिजे. नाही आलं तर मधे कुठंतरी एकक घसरलंय.

२७ टक्क्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तो आकडा बघून इंजिन वाईट आहे असं वाटतं आणि ते खरं नाही. किलोला ४३ मेगाज्यूल ही उष्णता केरोसीन पूर्ण जळलं तर मिळते. त्यासाठी एक किलो केरोसीनला साधारण ३.४ किलो ऑक्सिजन लागतो, इथं २.३ च दिलाय. म्हणजे भाजकात जी उष्णता मांडली, तिचा मोठा भाग चेंबरमध्ये सुटतच नाही. हे मुद्दाम केलेलं असतं. सी-स्टार तापमान भागिले रेणुभार याच्या वर्गमूळाप्रमाणं बदलतो. केरोसीन जास्त ठेवलं की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हे हलके वायू उरतात. तापमान थोडं उतरतं, पण रेणुभारही उतरतो, आणि चेंबरच्या भिंतीलाही ते सोसतं. हायड्रोजन इंजिनात हे आणखी ठळक दिसतं. पूर्ण ज्वलनाचं प्रमाण ८ ला १, आणि इस्रोचं सीई-२० चालतं ५.०५ ला.

दुसरा हिस्सा निकासातून गरम वायूबरोबर निघून जातो. तुमच्या नोझलच्या तोंडाशी वायू अजून १६८७ केल्विनला आहे, म्हणून एकही दोष नसलेलं इंजिनसुद्धा चेंबरमधल्या उष्णतेच्या ५२ टक्क्यांपेक्षा जास्त गतीत बदलू शकत नाही. भाजक म्हणून केरोसीनऐवजी चेंबरमधल्या वायूची उष्णता धरलीत तर याच इंजिनाचं उत्तर ४५ टक्के येतं. तेव्हा औष्णिक कार्यक्षमता लिहिताना भाजक काय घेतला ते शेजारीच लिहा, नाहीतर त्या आकड्याची कशाशीच तुलना होत नाही.

६६ टक्के ही प्रोपल्सिव्ह कार्यक्षमता, म्हणजे शक्तीचा किती हिस्सा रॉकेटला पुढं ढकलण्यात लागला ते. ती रॉकेटच्या वेगावर ठरते: नोझलच्या तोंडाशी झोताचा प्रत्यक्ष वेग २६४१ मी./से., रॉकेटचा १०००, गुणोत्तर ०.३७९, दुप्पट गुणोत्तर भागिले (१ अधिक गुणोत्तराचा वर्ग). चाचणीच्या स्टँडवर इंजिन जागचं हलत नाही, म्हणून तिथं ही कार्यक्षमता शून्य. रॉकेटचा वेग झोताएवढा झाला की १०० आणि त्यापुढं पुन्हा उतरती. तेच इंजिन, तेच इंधन, आणि आकडा शून्यापासून शंभरापर्यंत हलतो. दोन इंजिनांची तुलना करायला तो वापरू नका. आणि उत्तर ५५ आलं तर समजा की विमानाच्या जेट इंजिनाचं सूत्र लावलंय. ते बाहेरची हवा आत घेणाऱ्या इंजिनासाठी असतं.

कारवार_किनारा

बेळगावच्या प्रश्नाचं उत्तर: हो, बदलेल, आणि किती ते दोन ओळींत निघतं.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. प्रमाण वातावरणात तिथला हवेचा दाब ९२.६ किलोपास्कल, आमच्या कारवारच्या किनाऱ्यावर १०१.३. निकासाचं क्षेत्रफळ ०.०७८५४ चौरस मीटर. फरक ८.७ किलोपास्कल गुणिले हे क्षेत्रफळ, म्हणजे ६८३ न्यूटन. कारवारला ७१.९ किलोन्यूटन देणारं इंजिन बेळगावात ७२.६ देईल आणि आयएसपी २६२ वरून २६४ वर जाईल. चेंबरमध्ये काहीच बदललेलं नसतं, सी-स्टार तोच राहतो. निर्वातात पूर्ण १०१.३ ची भर पडते: ७९.९ किलोन्यूटन, २९१ सेकंद.

म्हणून आयएसपीच्या आकड्याशेजारी समुद्रसपाटी की निर्वात हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा घेऊ नका. स्पेस शटलच्या आरएस-२५ चंच बघा, समुद्रसपाटीला ३६६ सेकंद आणि निर्वातात ४५२. एकाच इंजिनात जवळजवळ चौथ्या हिश्श्याचा फरक.

इथून साहजिक वाटतं की नोझल आणखी मोठं करावं. तुमच्या इंजिनाला १० ऐवजी ४० पट निकास लावून बघा. निर्वातातला थ्रस्ट गुणांक १.७४ वरून १.८८ होतो, ८ टक्के फायदा. पण निकासाचा दाब १२.५ किलोपास्कलवर येतो. बाहेर शंभर आणि तोंडाशी साडेबारा असताना झोत भिंतीला धरून राहत नाही. बाहेरची हवा नोझलच्या आत शिरते आणि झोत भिंतीपासून सुटतो. ढोबळ नियम असा की निकासाचा दाब बाहेरच्या दाबाच्या ०.३५ ते ०.४ पटीखाली गेला की हे होतं. तुमच्या मूळ नोझलचं गुणोत्तर ०.७४ आहे, तिथं काळजी नाही.

झोत सुटतो तेव्हा खरी भीती थ्रस्टची नसते. तो सगळीकडून सारखा सुटत नाही, एका बाजूला आधी सुटतो आणि दुसरीकडं चिकटून राहतो. त्यामुळं नोझलवर आडवा भार येतो, तोही हलता, आणि पातळ पत्र्याचं नोझल वाकतं किंवा चिरतं. सीई-२० चं गुणोत्तर १०० आहे, निकासाचा दाब सुमारे ५० मिलिबार. असं इंजिन जमिनीवर चालवायला एरवी निर्वाताची मोठी यंत्रणा लागते. २९ नोव्हेंबर २०२४ ला महेंद्रगिरीला इस्रोनं हे इंजिन नोझल संरक्षण यंत्रणा बसवून समुद्रसपाटीच्या दाबाला चालवून दाखवलं. त्या चाचणीचं मोल कळायचं असेल तर वरचं गणित एकदा १०० गुणोत्तरानं स्वतः करून बघा.

अनगोळ_मेकॅनिकल

घटप्रभा सर, कारवार सर, मनापासून आभार. ५२ आणि ४५ टक्क्यांचा मुद्दा आम्हाला कुठंच सापडला नव्हता.

एक नवीन अडचण. दुसऱ्या एका गणितात सगळी माहिती चाचणीतली म्हणून दिलीय आणि सी-स्टारची कार्यक्षमता १०२ टक्के येते. आकडेमोड चौघांनी वेगवेगळी केली, सगळ्यांचं तेच येतंय. शंभराच्या वर कसं काय जाईल?

मलप्रभा_गॅसडायनॅमिक्स

शंभराच्या वर आलं म्हणजे तीन मापांतलं एक चुकलंय: दाब, थ्रोटचं क्षेत्रफळ किंवा प्रवाह. याच क्रमानं तपासा.

दाब मोजायचं भोक बहुतेक इंजेक्टरच्या तोंडाशी असतं, पण सूत्राला हवा असतो नोझलच्या प्रवेशाजवळचा एकूण दाब. चेंबरमध्ये वायू वेग घेतो तसा दाब उतरतो. चेंबरचं क्षेत्रफळ थ्रोटच्या दुप्पटच असेल तर इंजेक्टरजवळचा दाब सुमारे ५ टक्के जास्त दिसतो. तो तसाच वापरला की ९७ चे १०२ होतात. चेंबर रुंद असेल तर ही चूक झपाट्यानं कमी होते, म्हणून गणितात चेंबरचा व्यास दिलाय का ते आधी बघा. माझा पहिला संशय इथंच आहे.

थ्रोट थंड असताना मोजतात आणि इंजिन चालतं गरम. केरोसीनच्या इंजिनात काजळीचा थर बसून थ्रोट बारीक होऊ शकतो. खरं क्षेत्रफळ कमी आणि आपण जुनंच धरतो, त्यामुळं सी-स्टार फुगतो. ग्रॅफाइटचा थ्रोट झिजला तर नेमकं उलटं: दाब पडतो, सी-स्टार कमी दिसतो, आणि उगाच इंजेक्टरला दोष दिला जातो. चाचणीआधी आणि नंतर दोन्ही वेळा थ्रोट मोजायचा तो यासाठी.

प्रवाहाचं मीटर मोजतं घनफळ, आपल्याला हवं असतं वजन. लिक्विड ऑक्सिजनची घनता त्याच्या नेहमीच्या उत्कलनबिंदूला, ९० केल्विनला, घनमीटरला ११४१ किलो. तो जास्त थंड असेल तर घनताही जास्त असते. ११४१ च धरलं तर प्रवाह कमी मोजला जातो आणि सी-स्टार वर सरकतो. मीटरच्या तोंडाशी तापमान मोजल्याशिवाय घनता ठरवू नका.

उरलेली एक शक्यता म्हणजे आदर्श आकडाच कमी काढला गेलाय. तापमान एका मिश्रण प्रमाणाचं आणि रेणुभार दुसऱ्याचा असं पुस्तकातल्या तक्त्यावरून उचलताना सहज होतं. दोन्ही एकाच ओळीतले घ्या, आणि ती ओळ तुमच्या चेंबर दाबाचीच आहे का तेही बघा.

निपाणी_प्रोपल्शन

मलप्रभा ताईंच्या उत्तराला एक जोड. प्रवाह "कुठला" धरायचा यातही गोंधळ होतो. इस्रोची विकास आणि सीई-२० ही गॅस जनरेटर पद्धतीची इंजिनं. थोडं इंधन वेगळं जाळून त्या वायूवर पंप चालवणारा टर्बाइन फिरतो, आणि तो वायू मुख्य चेंबरमधून जातच नाही. सी-स्टार काढताना फक्त मुख्य चेंबरचा प्रवाह घ्या. आयएसपी काढताना टर्बाइनचा धरून एकूण घ्या, कारण टाकीतून गेलं ते सगळंच गेलं. उलटसुलट केलं की एक आकडा फुगतो आणि दुसरा पडतो.

टर्बाइनचा वायूही चेंबरमध्ये आणून जाळणारी स्टेज्ड कम्बशन पद्धत ही नासाडी वाचवते. जीएसएलव्ही मार्क २ वरचं सीई-७.५ तसं आहे: ७३.५ किलोन्यूटन, निर्वातात ४५४ सेकंद. सीई-२० चं ४४३ च्या आसपास. म्हणून सीई-२० कमी दर्जाचं ठरत नाही. थ्रस्ट अडीच पटीहून जास्त आहे, आणि गॅस जनरेटर पद्धतीत इंजिनाचे भाग वेगवेगळे तपासता येतात, हा नवीन इंजिन घडवताना मोठा फायदा असतो.

छापील आकडे खरे वाटतात का हे तपासायची सवय लावून घ्या. विकासची निर्वातातली आयएसपी २९३, थ्रस्ट सुमारे ८०० किलोन्यूटन. ८,००,००० भागिले (२९३ गुणिले ९.८०६६५), म्हणजे प्रवाह सेकंदाला २७८ किलो. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात सुमारे ४१ टन इंधन असतं, तेव्हा इंजिन दीडशे सेकंदांच्या आसपास चाललं पाहिजे. तेवढंच चालतं. तुमच्या सेमिनारमधल्या प्रत्येक इंजिनाला ही कसोटी लावा.

प्रयोगाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हवेच्या प्रयोगावरून पुढं घरी प्रोपेलंट (रॉकेटचं जळणारं मिश्रण) बनवायचा विचार कोणाच्या मनात आला तर तिथंच थांबा. परवान्याशिवाय स्फोटक बनवणं १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि मिश्रण करताना किंवा भरताना पेटलं तर हात-डोळे जातात. हवेवर शिकण्यासारखं भरपूर आहे.

उद्यमबाग_टर्नर

आता हवेचं. होईल, आणि चांगलं होईल. मापं देतो.

थ्रोट ३ मि.मी. घ्या, त्याहून मोठा नको. नोझलच्या आधी ८ बार अॅब्सोल्यूट (निर्वातापासून मोजलेला) दाब आणि हवा ३०० केल्विनला असताना ३ मि.मी. मधून सेकंदाला १३.२ ग्रॅम हवा जाते. ४ मि.मी. केला तर २३.५ ग्रॅम, म्हणजे ४२ सीएफएम (मिनिटाला घनफूट). वर्कशॉपचा साधा कॉम्प्रेसर एवढं पुरवत नाही आणि टाकीही लवकर उतरते.

बेळगावच्या दाबाला ८ बारसाठी निकासाचं योग्य गुणोत्तर १.७८ येतं, म्हणजे निकासाचा व्यास बरोबर ४ मि.मी. पितळेच्या षटकोनी रॉडमधून टर्न करा. आत येणारी बाजू ३० अंश, बाहेर जाणारी १५ अंश; बाहेरच्या शंकूची लांबी जेमतेम १.९ मि.मी. भरते. थ्रोटला २.९ चं ड्रिल मारून ३ चा रीमर फिरवा. नुसत्या ड्रिलनं भोक ३.०५ झालं तर क्षेत्रफळ साडेतीन टक्के वाढलं, आणि सगळी आकडेमोड तिथंच बिघडली. पिन गेजनं मोजा, व्हर्नियरनं नाही. कडेचा बर भिंगाखाली बघून काढा.

आदर्श आकडे असे: सी-स्टार ४२८ मी./से., थ्रस्ट गुणांक १.२३, थ्रस्ट ६.९ न्यूटन, आयएसपी ५४ सेकंद. थ्रस्ट वजनकाट्याच्या भाषेत ७०० ग्रॅमच्या आसपास, म्हणून २ किलोचा लोड सेल (बल मोजणारा सेन्सर) आणि त्याचं माप वाचणारा एचएक्स ७११ बोर्ड पुरतो. बोर्ड ८० हर्ट्झवर ठेवा, १० वर नाही.

चुका होतात त्या या. दाबाचं गेज अॅब्सोल्यूट दाखवत नाही. ८ बार अॅब्सोल्यूट हवा असेल तर इथं गेजवर ७.०७ दिसलं पाहिजे. ७.०७ च सूत्रात घातलं तर सी-स्टार १२ टक्के कमी येईल. सेन्सर नोझलच्या लगत बसवा. कॉम्प्रेसरवरचं गेज होजमधली घट दाखवत नाही.

होज ही दुसरी डोकेदुखी. दाब आला की होज ताठ होते आणि लोड सेलला ढकलते. ती थ्रस्टच्या रेषेला काटकोनात आणा, मऊ वळण ठेवा. मग नोझलच्या जागी प्लग लावून पूर्ण दाब द्या आणि त्या अवस्थेत लोड सेल शून्य करा. कॅलिब्रेशन वजनं टांगून करणार असाल तर किलोचे न्यूटन करताना बेळगावचा ९.७८ वापरा, आयएसपीच्या सूत्रात मात्र ठरलेला ९.८०६६५ च. फरक पाव टक्क्याचा आहे, पण तो का आहे हे सेमिनारमध्ये कोणीतरी विचारेलच.

प्रवाह टाकीच्या दाबावरून काढा. टाकीच्या पाटीवर जेवढा दाब लिहिलाय त्याच्या आत भरा, कॉम्प्रेसर बंद करा, मधला व्हॉल्व्ह बंद करा आणि रेग्युलेटरनं नोझलकडं ८ बार स्थिर ठेवा. १० सेकंदांत टाकी फक्त ०.५७ बार उतरते. १० बारच्या, अर्धा टक्का चुकीच्या सेन्सरला तेवढ्यावर ९ टक्के चूक होते. ३० सेकंद चालवा, उतार १.७ बार होतो आणि चूक ३ टक्क्यांवर येते. टाकी ११ बारच्या पाटीची असेल तर त्या मापाचा सेन्सर घ्या. हवा निघताना टाकी गार पडते, म्हणून शेवटचा दाब लगेच वाचू नका. टाकीचं तापमान खोलीएवढं होईपर्यंत थांबा, नाहीतर निघालेली हवा आहे त्याहून जास्त वाटेल.

निकासाला हवेचं तापमान हिशेबानं उणे १११ सेल्सियस होतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात दमट हवा असताना झोतात धुकं दिसेल आणि ओलाव्यामुळं आकडेही हलतील. मॉइश्चर सेपरेटर लावा, टाकीचं पाणी आधी काढा.

पीव्हीसी पाइप अजिबात नको, तो फुटला की तुकडे उडतात. होज आणि फिटिंग दाबाच्या रेटिंगचे, टाकीवर चालू सेफ्टी व्हॉल्व्ह, डोळ्यांना गॉगल, कानाला मफ. झोताच्या समोर कोणी उभं राहायचं नाही.

मलप्रभा_गॅसडायनॅमिक्स

टर्नर दादांच्या मापांवर एक भर, कारण हे बघून तुम्ही गोंधळाल. हवेच्या प्रयोगात सी-स्टार १०० टक्क्यांच्या वर येण्याचीच शक्यता जास्त. इथं ज्वलन नाही, त्यामुळं तिथं वाया जाण्यासारखं काही नाही. पण एवढ्या लहान थ्रोटमध्ये भिंतीलगतचा संथ थर जागा अडवतो आणि हवा हिशेबापेक्षा कमी जाते. ती ९५ टक्केच गेली तर सी-स्टार ४५१ येईल, म्हणजे १०५ टक्के. त्याचा अर्थ थ्रोटचा प्रवाह गुणांक ०.९५ आहे, एवढाच. आधी तो गुणांक काढा, मग थ्रस्ट आणि आयएसपीकडं वळा. आयएसपीत थ्रोटचं क्षेत्रफळ येतच नाही, म्हणून या प्रयोगात तुमचा सगळ्यात भरवशाचा आकडा तोच असेल.

आणि चूक लिहिल्याशिवाय एकही टक्का लिहू नका. दाबात १ टक्का, क्षेत्रफळात १ टक्का, प्रवाहात ३ टक्के चूक असेल तर वर्गांची बेरीज ११, वर्गमूळ ३.३. मग "१०४.७३ टक्के" असं लिहिण्यात अर्थ नाही. १०५, अधिक-उणे ३, असं लिहा. तीनपैकी प्रवाहाचं माप सुधारलं तरच हा आकडा खाली येतो. दाबाचा महाग सेन्सर नोझलजवळ न लावता टाकीवर लावा.

अनगोळ_मेकॅनिकल

मिळालं सगळं. गणिताखाली चार ओळी लिहितोय: सी-स्टार ९६, नोझल ९७, आयएसपी समुद्रसपाटीला २६२ आणि निर्वातात २९१, औष्णिक २७ आणि भाजक केरोसीनची पूर्ण उष्णता. ६६ त्याच्या वेगासकट वेगळा दाखवतो. १०२ वाल्या गणितात चेंबरचा व्यास दिलेला आहे, क्षेत्रफळ थ्रोटच्या २.१ पट निघतं. ताई, दाब त्याप्रमाणं दुरुस्त करून परत सोडवतो.